दुसऱ्याच्या कबरीवरची प्रार्थना

खामगावच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी वारलं की बायबलातलं स्तोत्र वाचायला मला उभं करतात. माणूस म्हणजे सकाळी तरारलेलं आणि संध्याकाळी सुकलेलं गवत, आयुष्य म्हणजे सुटलेला एक श्वास, अशा अर्थाच्या त्या ओळी. आवाज कुठं कापरा करायचा हे मला नेमकं ठाऊक होतं, आणि बायांनी पदर डोळ्याला लावला की आतून गुदगुल्याही व्हायच्या. मग डॉक्टरांनी माझ्याच हृदयाची नस अडल्याचं सांगितलं. लगेच अकोल्याला जा म्हणाले. मी भीतीनं गारठलो. पण भितो असं कबूल कसं करायचं? म्हणून बायकोला तेच स्तोत्र ऐकवू लागलो. माणूस गवतच, सुकणाऱ्याला कोण अडवणार? ती भाकरी थापता थापता म्हणाली, "गवताले पाणी तरी द्या लागते ना." तरी मी आधी सोयाबीनचं, मग पाहुण्यांचं निमित्त काढून जाणं लांबवलंच.

नोव्हेंबरात एका ठरलेल्या दिवशी आमचे लोक आपापल्या माणसांच्या कबरी साफ करून चुना लावतात. मी आदल्याच दिवशी विळा आणि चुन्याची बादली घेऊन एकटा कबरस्थानात गेलो. बाबांच्या कबरीपाशी बसून त्यांना सांगून टाकायचं होतं, शेजारी जागा धरून ठेवा. पावसाळ्यानंतरचं गवत कमरेएवढं, दगडांवरची अक्षरं झिजलेली. अंदाजानं एक कबर मोकळी केली, चुना फासला, आणि गुडघे टेकून असा काही रडलो की माझं मलाच कौतुक वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"भाऊ, माह्या मालकासाठी एवढं काऊन रडून राह्यले? इतकी तं मी बी नाई रडली."

पांढऱ्या केसांची एक बाई, हातात खुरपं, पिशवीत झेंडूची फुलं. नवऱ्याची कबर साफ करायला बुलढाण्याहून बसनं आली होती. दवाखान्यातली निवृत्त नर्स. बाबांची कबर पार कोपऱ्यात, कडुनिंबाच्या मागं होती. मी ओशाळून उठलो आणि लाज झाकायला माझी नस, गवत, अकोला, सगळंच सांगून मोकळा झालो. ऐकता ऐकता तिचं हसू थांबलं. तिनं माझं घामानं भिजलेलं मनगट धरलं आणि घड्याळाकडं पाहत राहिली. मेहनतीचा घाम आहे, मी म्हटलं.

"हा घाम गवत कापल्याचा नाई, भाऊ. चला."

मी पुन्हा स्तोत्र काढलं. तिनं बादली माझ्या हातातून काढून घेतली. "दिवस थोडे हायेत असं देव सांगते, ते काय इथं बसून घालवासाठी?" आणि मला जवळपास ओढतच रिक्षात बसवलं. वाटेत माझ्याच फोनवरून बायकोला बोलावून घेतलं. खामगावच्या दवाखान्यातून त्याच दुपारी मला अकोल्याला नेलं. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

बाबांची कबर मला बरोबर सापडली असती, तर त्या निंबामागं मी पडलेला कुणाला दिसलोही नसतो. याला काय म्हणावं ते मी ठरवत नाही. चूक माझी होती. पण त्या चुकीच्या जागी त्या बाईला वेळेवर कुणी आणलं, एवढं मनात येतं आणि हात जोडले जातात.

अकोल्याला खाटेशेजारी बसून बायकोनं ते स्तोत्र वाचलं, साध्या आवाजात, शेवटपर्यंत. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी रडवणारा भाग संपला की पुस्तक मिटत होतो. पुढं तर तो गाणारा देवाकडं मागणं मागतो: सकाळीच तुझ्या मायेनं आम्हाला तृप्त कर, म्हणजे आहेत तेवढे दिवस आनंदात जातील. गवत सुकतं हे खरंच. सकाळी त्याला हिरवं कोण करतो, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

आता उठल्याबरोबर एवढंच म्हणतो: प्रभू, आजचा दिवस तुझा आहे, नेशील तिकडं येतो. रस्ता तेवढा तूच दाखव. माझ्या अंदाजावर विसंबू नकोस.