एका प्रथिनाच्या शोधात : मुलुंड ते बोरिवली

बाबांना मालवणजवळच्या गावच्या घरी एकट्यानं राहायला जायचंय. मला ते नकोय, कारण गेल्या महिन्यात भाजीला गेलेले बाबा दीड तासानं भलत्याच सोसायटीच्या गेटवर सापडले, पिशवी रिकामी. जन्मभर याच उपनगरांत रिक्षा चालवलेला माणूस! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अल्झायमरचं प्रथिन आता रक्तातच मोजता येतं, महागड्या स्कॅनआधी ती चाचणी करा. आमचा तह झाला : रिपोर्ट चांगला आला तर बाबा गावी. म्हटलं, एका सुईचं तर काम.

पहिला मुक्काम मुलुंडचं रक्तसंकलन केंद्र, घरापासून चालत सात मिनिटं. बाबांना उपाशी बोलावलं होतं. या चाचणीला उपास लागत नाही हे मला नंतर कळलं. पण रक्त म्हटलं की उपाशी, हा आपल्याकडचा धर्मच. साडेसातला रक्त घेतलं. चौथ्या दिवशी फोन.

"सॅम्पल रिजेक्ट झालं, मॅडम. रक्तातला प्लाझ्मा लगेच वेगळा करून गोठवायचा असतो. सॅम्पल न्यायला आमचा रायडर दुपारी एकला येतो ना."

"मग साडेसातला कशाला घेतलंत?"

"काका उपाशी होते ना."

म्हणून दुसरा मुक्काम थेट अंधेरीची मुख्य लॅब. जाणाऱ्यांसाठी टीप : घाटकोपरपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो, लिंक रोडच्या वाटेला जाऊ नका. आणि घाटकोपरला मेदुवडा खाऊनच पुढे जा. रिक्षात बाबा ड्रायव्हरच्या मानेवर बसल्यासारखे. "सिग्नलाक कित्याक थांबतंस रे? शाळेच्या मागसून घे!" गल्ली बरोबर निघाली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू रिपोर्ट हातातच आला.

खरा रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला. निकाल 'मधल्या पट्ट्यात'. आजार आहे असं नाही, नाही असंही नाही. चाचणीच्या पैशांत आम्ही दोघं मालवणला जाऊन, मासे खाऊन परत आलो असतो.

तिसरा मुक्काम बोरिवली, मेंदूचे तज्ज्ञ. त्यांनी कागद पाहून विचारलं, "यांची किडनी कशी आहे?"

"किडनी?"

"ती कमजोर असली तरी हे प्रथिन वाढतं. किडनीची साधी चाचणी, क्रिएटिनिन, आधी बघायला हवी होती."

दोन ठिकाणी मी फॉर्म भरले. दोन्हीकडे माझा ई-मेल विचारला, बाबांची किडनी कुणीच नाही. आणि क्रिएटिनिन आमच्या गल्लीतसुद्धा होतं!

"चाचणी चांगली आहे हो," डॉक्टर म्हणाले. "ती कुणाची, कधी करायची, याची घडी अजून बसतेय. सहा महिन्यांनी परत करू."

"म्हंजे तुमका पण म्हायती नाय," बाबा म्हणाले.

"आज तरी नाही, काका."

सबंध प्रवासातलं पहिलं सरळ उत्तर.

घरी आल्यावर बाबांनी बॅग काढली. तहात मधला पट्टा नव्हताच, त्यामुळे मी भांडायला सज्ज. पण ते बॅगेच्या चेनशी खेळत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी गेटवर माका खराच समाजला नाय गो, मी खंय इलंय ता. लय भियालंय."

तीन मुक्कामांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

गावची दोन तिकिटं काढली, आठ दिवसांसाठी. त्याआधी उद्या क्रिएटिनिन, त्याच मुलुंडच्या केंद्रावर. आम्ही साडेबाराला जाणार आहोत, पोटभर नाश्ता करून.