आबांची दुसरी वहाण

परदेशात जाऊन आलेल्या माणसाला लोक विचारतात, "काय काय पाहिलं?" मी शाळेच्या स्टाफरूममध्ये मोठ्या हौसेनं धबधब्यापासून सुरुवात करते, पण ऐकतंय कोण! "मॅडम, ते राहू द्या. येतानाचं सांगा!" तीन महिन्यांच्या अमेरिकेपेक्षा आमच्या घरात परतीच्या एका प्रवासाचेच किस्से जास्त साचलेत. एक सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा निघतो. हसू येतं म्हणून मी सांगायला बसते आणि शेवटाला येईपर्यंत मीच हसायची थांबते.

आम्ही तिघं होतो. मी, आमचे हे आणि ऐंशीला टेकलेले माझे सासरे, आबा. निलंग्याजवळच्या गावात अजून शेतात चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. धाकटे दीर सुधीर तिकडे नोकरीला आहेत. व्हिसाच्या भानगडीत त्यांना इकडे येता येत नव्हतं आणि त्यांची सहा वर्षांची रेवा आबांनी फक्त फोनवर पाहिलेली. म्हणून आबाच हट्टाला पेटले. लातूरच्या डॉक्टरांनी छाती तपासून होकार दिला, पण बजावूनच. "आबा, एवढा लांबचा प्रवास हा एकदाच. पुन्हा विचारायला येऊ नका."

"एकदा तर एकदा!" आबा म्हणाले. तेव्हा त्यांना ते स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं होतं.

*

तिथं पोचल्यावर आठवडाभरात रेवानं "हो" म्हणणं सोडलं. काहीही विचारा, उत्तर एकच, "हाव!" तेही अमेरिकन हेल काढून!

माझी जाऊ प्राची कपाळावर हात मारून म्हणाली, "आबा, तिला 'हो' शिकवायला मला दोन वर्षं लागली हो!"

आबा शांतपणे म्हणाले, "मंग आता 'हाव' इसरायला चार लागतील."

दुपारभर आजोबा आणि नातीचं गावाकडच्या गोष्टींचं गुऱ्हाळ चालायचं. आबा सांगायचे, ती डोळे विस्फारून ऐकायची. आम्ही मोठी माणसं आपापल्या कामात असायचो. काय सांगतात, काय नाही, कुणी लक्ष दिलं नाही.

*

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरल्या. जाताना आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ नेलं होतं. येताना सगळ्या भावकीला पुरतील एवढी चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या! बॅगेचं वजन करायचं म्हणून आमचे हे ती उचलून वजनकाट्यावर उभे राहिले. मग नुसतेच उभे राहिले. वजाबाकी केली, तर बॅग बरोबर होती आणि हेच भलतेच भरले होते.

"दिगू," आबा म्हणाले, "बॅगा सगळ्या घे. तूच ऱ्हा हितं!"

सगळे हसलो. रेवा मात्र हसली नाही. ती आबांकडे पाहत म्हणाली, "काका नको. तुम्ही राहा."

आबांनी तिला जवळ ओढलं आणि विषय बदलला.

*

दुसऱ्या दिवशी गाडीत बॅगा चढल्या, सुधीर स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि आबांची एक वहाण सापडेना!

आबांच्या वहाणा म्हणजे निलंग्याच्या कारागिराकडून बनवून घेतलेल्या. जाड तळ, खाली खिळे. अमेरिकेतही त्यांनी दुसरं काही पायात घातलं नव्हतं. सोफ्याखाली पाहिलं, जिन्याखाली पाहिलं, बाहेर गवतात पाहिलं. विमानाची वेळ जवळ येत चालली. आमचे हे घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. आणि रेवा दाराला पाठ लावून हसत उभी!

"तू घेतली का गं?" प्राचीनं विचारलं.

"हाव! पण मी नाही सांगणार!"

आबा तोवर पार वैतागले होते. ते ओरडले, "मस्करी हाय का ही? हेच वळण लागलंय का तुला?"

शेतात बैलावर ओरडायचा आवाज तो. त्या लहानशा घरात केवढा घुमला! रेवाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरले. ती पळत वर गेली, दार लावून घेतलं. प्राचीनं हाका मारल्या, मी मारल्या. आबांनीही खालूनच एकदा हाक मारली, पण थोडी उशिराच.

शेवटी सुधीरचे स्पोर्ट्स शूज धोतराखाली चढवून आबा निघाले. उरलेली एक वहाण मी त्यांच्या पिशवीत कोंबली. रेवा खिडकीतसुद्धा आली नाही. गाडी वळेपर्यंत आबा मान मागे करून त्या खिडकीकडेच पाहत होते.

*

विमानतळावरच्या तपासणीत आबांची पिशवी अडवली. यंत्रात वहाणेचे खिळे दिसले असणार. एका अधिकाऱ्यानं हातमोजे घालून ती बाहेर काढली, उलटी केली, वाकवून पाहिली. मग दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून पाहिली. आमचे हे घामाघूम!

अधिकाऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "दुसरी कुठे आहे?"

ह्यांनी आबांना मराठीत सांगितलं. आबा उसळून म्हणाले, "तेच तर मी सकाळपासनं इचारायलोय!"

ह्याचं भाषांतर करायची हिंमत ह्यांना झाली नाही. अधिकाऱ्यानं वहाण परत दिली. आबांनी ती पिशवीत ठेवली नाही, विमानात बसेपर्यंत हातातच धरली.

*

विमानात आबांच्या शेजारी हैदराबादचे एक म्हातारे गृहस्थ होते. लेकीकडून परत चाललेले. आबांना दख्खनी हिंदी सुरेख येते, निजामाच्या जुन्या मुलखात लहानपणापासून कानावर पडलेली. दोघांची गट्टी जमली. जेवणाचं ताट येईपर्यंत पीकपाणी, पाऊस, सुना सगळं बोलून झालं. मीही ऐकत होते.

मग आबांनी त्यांची लाडकी गोष्ट काढली. लहानपणी मामा मुक्कामाला यायचे. मामांनी जाऊ नये म्हणून पोरं त्यांची एक वहाण लपवून ठेवायची. एकच! दोन्ही लपवल्या तर माणूस दुसऱ्याच्या घालून जातो, एक लपवली तर शोधत बसतो. एकदा आबांनी ती कडब्याच्या गंजीत खुपसली होती. मामा शोधत राहिले आणि उदगीरची गाडी निघून गेली!

शेजारचे गृहस्थ खळखळून हसले. "फिर क्या हुआ? मामू रुक गए?"

"रुके ना! दो दिन रुके. मैं इतना खूश..."

आबा तिथंच थांबले. शेजारच्यांना वाटलं, दम लागला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. आबांनी तो घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, ही गोष्ट म्या तिला सांगितली व्हती."

मी तो ग्लास घेऊन त्यांच्यासमोर ठेवला.

"मीच शिकवलं अन् मीच वरडलो. मामा न्हाई वरडले माझ्यावर."

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यात इवलंसं विमान समुद्रावरून पुढे पुढे सरकत होतं. आबा बराच वेळ ते पाहत राहिले. मग विचारलं, "हितनं फोन लागत न्हाई का गं?"

ह्यांनी विमानातलं वायफाय जोडायची खूप खटपट केली. जमलं नाही. सारखे सॉरी म्हणत होते, जसं काही विमान ह्यांनीच बनवलंय! आबांनी जेवणाचं ताट तसंच परत केलं. एवढा मोठा प्रवास, पण त्यांनी डोळा मिटला नाही.

*

हैदराबादला उतरल्याबरोबर फोन लावला. रेवा फोनवर आली नाही. "तिला वाटतंय, आबा अजून रागावलेत," प्राची म्हणाली. दुसऱ्या दिवशी लावला, नाही आली. त्यानंतरही नाही. आबा रोज फोनची वेळ झाली की टोपी नीट करून बसायचे आणि सुधीरशी पावसाचं बोलून उठायचे. मला बघवत नसे.

इकडे गावात आबांच्या शूजची भलतीच चर्चा. "आबा, अमेरिकेचे बूट का?" लोक पारावर विचारायचे. "आमच्या धाकट्याचे हायत," एवढंच उत्तर.

आमचे हे त्यांना घेऊन निलंग्याला कारागिराकडे गेले. म्हणाले, आबांना नवा जोड करा. कारागिरानं ती एकटी वहाण हातात घेतली, ओळखली आणि म्हणाला, "जोड कशाला? हिच्या मापाची एकच करून देतो. कळणारबी न्हाई."

आबांनी वहाण त्याच्या हातातून काढून घेतली. "नको. दुसरी हाय माझी."

आणि पुन्हा सुधीरचे शूज घालून एसटीत बसले.

*

मग एका रविवारी सुधीरचाच व्हिडिओ कॉल आला. सुधीर टेकीला आलेले. सगळं घर पालथं घातलं, गॅरेज पाहिलं, वहाण काही सापडत नाही. रेवा तोंड उघडायला तयार नाही. "आबा, आता तुम्हीच विचारा तिला. सापडली की कुरिअर करतो." आणि त्यांनी रेवाला ओढूनच समोर बसवलं.

ती मान खाली घालून बसली. आबांनी फोन इतका जवळ धरला की तिकडे नुसती टोपी आणि कपाळच दिसत असणार.

"रेवाबाई, माझं चुकलं गं."

ती फ्रॉकचं टोक पिळत राहिली.

"लई चुकलं. म्या वरडायला नको व्हतं."

तिनं मान वर केली. "तुम्हाला ती पाहिजे?"

आमचे हे माझ्या शेजारीच उभे होते. मागून सुधीर म्हणत होते, "सांग बेटा, सांग आबांना, कुठे ठेवलीस?"

"न्हाई," आबा म्हणाले. "कुणालाच सांगू नको. तुझ्या बापालाबी न्हाई. मी येस्तवर तितंच ऱ्हाऊ दे."

डॉक्टरांचं 'एकदाच' ऐकलेले आमचे हे अंगणात निघून गेले.

फोनमधून उत्तर आलं, "हाव!"