सांगावा सांगणारा देवराव

देवराव वारल्याच्या बातमीवर मी 'हार्दिक अभिनंदन! असेच पुढे जात राहा!' असं लिहिलं. सोबत तीन पुष्पगुच्छही टाकले.

यात माझी बाजू मांडण्यासारखं काही नाही. तरी मांडतो, कारण जन्मभर मी तेच करत आलो आहे. सकाळची वेळ होती. बुलढाण्याच्या माझ्या घरात मी चहा घेत बसलो होतो, चष्मा आतल्या खोलीत होता आणि आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झेंडूच्या फुलांच्या चौकटीत देवरावचा फोटो आला. आदल्या दिवशी त्याच चौकटीत सरपंचाचा वाढदिवस येऊन गेला होता, त्याच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी मुलीची नोकरी. फोटोखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. माझ्यामागून आणखी नऊ जणांनी अभिनंदन केलं. सरांनी लिहिलंय म्हणजे देवरावला काहीतरी मिळालं असणार, असा त्यांचा विश्वास! एकाने तर केक पाठवला. नऊ माणसं... शिकलेली, नोकऱ्या केलेली, मुलांना 'नीट वाचत जा' म्हणून ओरडणारी. मला माझा राग येतो, त्या नऊ जणांचा येतो, आणि ज्याने कुणी वाढदिवसाला आणि मरणाला एकच चौकट करून ठेवली त्याचा तर असा येतो की समोर सापडला तर त्याच्याशी संवाद साधायला मला हातच वापरावे लागतील.

देवराव आमच्या गावचा कोतवाल. गाव घाटाखालचं, मलकापूरच्या रस्त्यापासून थोडं आत. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग मी शिकायला घाट चढून बुलढाण्याला आलो आणि त्याने वडिलांच्या जागी डफडं गळ्यात अडकवलं. सुट्टीत गावी गेलो की मी त्याच्यामागे दवंडी ऐकत फिरायचो. तहसीलातून आलेला कागद चांगला पानभर असायचा. 'तमाम जनतेस सूचित करण्यात येते की' इथून जो सुरू व्हायचा तो श्वास घ्यायला थांबायचाच नाही. देवराव तो पारावर बसून दोनदा वाचायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि गल्लीत जाऊन दोन वाक्यांत सांगायचा. मशिदीकडच्या गल्लीत तीच दोन वाक्यं हिंदीत. पण खरी गंमत पुढे होती. सांगून झालं की तो तिथंच उभा राहायचा आणि ओट्यावरच्या एखाद्या म्हातारीला विचारायचा, "काय सांगतलं मी, आजी? सांग बरं." म्हातारीने चुकीचं सांगितलं की पुन्हा डफडं. एकदा मी वैतागून म्हणालो, "अबे, चाल ना! किती वेळ?" तर म्हणाला, "तिले नाही समजलं तं म्या काय भिताडाले सांगून राह्यलो काय?"

त्या काळात फोन गावात एकच, तोही अर्धा वेळ मुका. त्यामुळे परगावी राहणाऱ्या माणसाला घरचं कुणी गेल्याचा सांगावा द्यायला सायकलवर देवरावच जायचा. एकदा मीही त्याच्या कॅरिअरवर बसून मलकापूरला गेलो. तिथं आमच्या गावचा एक जण कापडाच्या दुकानात कामाला होता, त्याचे वडील पहाटे वारले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तो शिडीवर चढून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढत होता. देवराव सायकल लावतच होता, तेवढ्यात मी रस्त्यावरूनच ओरडलो, "तुझे वडील वारले रे!" मला वाटलं, बातमी वाईट आहे, लवकर दिलेली बरी. तो शिडीवरून उतरला नाही, थेट खाली आला. गठ्ठा आधी, तो नंतर. पाय मुरगळला त्याचा. वडिलांच्या अंत्ययात्रेला तो लंगडत चालला, आणि ते लंगडणं माझं होतं.

परतीच्या रस्त्यावर देवराव एक अक्षर बोलला नाही. पुढे मी पुष्कळांची बोलणी खाल्ली, पण त्या न बोलण्याइतकी कुठलीच लागली नाहीत. गावाच्या अलीकडे त्याने सायकल थांबवली आणि मला खाली उतरवून काम समजावून सांगितलं. अगोदर टोपी काढायची. मग पाणी मागायचं. पाणी आणायला गेलेला माणूस जाता-येता आपलं तोंड पाहतो, आणि तांब्या घेऊन येईपर्यंत त्याला अर्धं कळलेलं असतं. मग त्याच्या हातात जे काही असेल ते खाली ठेवायला लावायचं. त्याला बसवायचं. एका वाक्यात सांगायचं, आडपडदा न ठेवता. आणि मग गप्प राहायचं. घरातलं दुसरं माणूस येऊन त्याच्याजवळ बसेपर्यंत उठायचं नाही. "तू सांगतलं," तो म्हणाला, "पण त्याले सांगतलं नाही. हवेत फेकलं अन् मोकया झाला."

एक गोष्ट त्याने सांगितली नाही, ती मी पुढे डोळ्यांनी पाहिली. काही घरांत त्याला तांब्या हातात मिळत नसे. पायरीखाली उभं राहून ओंजळ धरायची, वरून कुणीतरी ओतायचं. त्या घरांतल्या मरणांचे सांगावेही त्याने तसेच नीट पोहोचवले, टोपी काढून, हळू आवाजात. मी शेजारी उभा होतो. माझ्या हातात तांब्या होता. मी काही बोललो नाही. याबद्दल मी आजवर कुठे लिहिलंही नाही, कारण लिहायला बसलं की माझंच तोंड समोर येतं.

मी पुढे प्राध्यापक झालो, आणि मराठीचे तास कमी पडले म्हणून की काय, 'संवादकौशल्य' या विषयावर व्याख्यानं देऊ लागलो. फळ्यावर एका टोकाला संदेश देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, मधे माध्यम, वरून जाणारा बाण, खालून परत येणारा बाण. शाब्दिक संवाद, अशाब्दिक संवाद, हावभाव, डोळ्यांची भाषा. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की विद्यार्थी जांभया देतायत हे बघायलासुद्धा मला कधी फुरसत झाली नाही. एकदा देवराव कागद घेऊन जिल्हा कचेरीत आला होता, तो माझं व्याख्यान आहे कळल्यावर सभागृहात येऊन मागे बसला. शेवटी मी विचारलं, काही शंका? तर हाच उठला. "गुर्जी, तुमचा बाण सरका, नाकासमोर जाऊन राह्यला. मधात थांबाची जागा कुठी हाय?" पोरं हसली. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. "हे शास्त्र आहे, देवराव," असं म्हणालो. मग त्याला चहा पाजून बसमध्ये बसवून दिलं आणि पुढच्या व्याख्यानात तोच बाण काढला.

गावात मोबाईल आले तशी दवंडी बंद झाली. कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की काम झालं. रेशनकार्डासाठी अंगठे देऊन या अशी सूचना तशीच टाकली गेली, आणि ज्यांच्याकडे साधे फोन होते किंवा फोनच नव्हते, त्यांना दुकानावर धान्य नाकारलं तेव्हा कळलं. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "ग्रुपवर टाकलं होतं ना!" हे वाक्य मी हल्ली सगळीकडे ऐकतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. टाकलं होतं! उकिरड्यावरही टाकतात. देवराव तेव्हा निवृत्त झालेला होता. तरी घरोघर फिरला, डफडं नव्हतं म्हणून कडी वाजवत. "फुकटचा काऊन फिरून राह्यला बे?" असं सरपंचानं चारचौघांत विचारलं. देवरावने त्याला टोपी काढून नमस्कार केला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

आणि असा माणूस गेला तेव्हा त्याचा सांगावा घेऊन कुणी कुठं गेलं नाही. फोटो टाकला. वर माझं अभिनंदन.

दोन दिवस मला कुणी काही म्हणालं नाही. बाकीच्यांनी आपापली अभिनंदनं गुपचूप पुसून टाकली. माझंच तेवढं राहिलं. तिसऱ्या दिवशी आमच्याच वर्गातल्या रफीकचा फोन आला. त्याचं गावात सायकलचं दुकान आहे. "सर, देवराव को मुबारकबाद तो दे दी आपने. मिट्टी हो गई उसकी. अब घर कब जा रहे?" मी चष्मा आणला. त्या दोन ओळी वाचल्या...

मग मी काय केलं असेल? देवरावच्या बायकोला, वत्सलावहिनींना, माफीचा संदेश लिहायला घेतला. तीन परिच्छेद झाले. शुद्धलेखन तपासलं. पाठवायच्या क्षणी मात्र मलकापूरची ती शिडी आठवली, आणि सगळं पुसून बस धरली. घाट उतरताना एकच भीती होती, की त्या मला आत घेणार नाहीत. घ्यायचं तरी का? त्यांच्या मुलीने ती फुलं पाहिली असणार, आल्यागेल्याला दाखवली असणार. देवरावच्या घराचं दार माझ्यासाठी बंद झालं तर गावात माझं म्हणावं असं दुसरं दार उरलं नव्हतं.

वहिनी ओसरीत बसल्या होत्या. मी पाणी मागितलं. त्यांनी आणलं. इथवर सगळं देवरावच्या शिकवणीप्रमाणे झालं. पुढे मात्र एका वाक्यात सांगायचं ते मी किमान चाळीस वाक्यांत सांगितलं. चष्मा, चौकट, झेंडू, बारीक अक्षरं, ते नऊ जण, आजकालची माध्यमं, समाजाची घसरण. वहिनी ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला.

"त्याचं नाही काही, भाऊजी. ते मले पोरीनं दाखवलं. म्या म्हटलं, चुकलं असन. पण यायले चार मयने बरं नव्हतं. तुमची रोज सकायी फुलं येत होती फोनवर. हे रोज पाहत होते. म्हनत, आज तरी तो लिहीन काहीतरी, मले विचारन कसा हायेस."

मला ती फुलं आठवेनात. सकाळी उठून मी शंभरेक जणांना एकच गुलाब पाठवतो. त्यात देवराव होता हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. चार महिने... एकदाही मी विचारलं नव्हतं.

"चुकलंच, वहिनी," मी म्हणालो. त्या संध्याकाळी मी नीट बोललेलं ते एकच वाक्य.

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"तुमी पोरायले बोलाचं शिकवता म्हने," त्या म्हणाल्या. "कोनं ठेवलं हो तुमाले त्या कामावर?"