अर्धं हँडल

आमच्या कारखान्याच्या स्टोअरचा एक नियम होता: जुनं द्या, नवं घ्या. झाडू झिजला तर झिजलेला झाडू दाखवा, हातमोजा फाटला तर फाटका आणून द्या. नियमाला माझी ना नाही, चोऱ्या होतच होत्या. पण नियम स्टोअरकीपर कमलाकांतसारख्या माणसाच्या हाती पडला की काय होतं, ते मी १९८६ साली बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यात बघितलं, आणि आज सांगतानाही माझं टाळकं फिरतं.

वत्सलाबाय तामोरे किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. अर्धं आयुष्य डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली. आवाज असा की ती अंगणात कोणाला झापतेय ते मी पॅकिंगमध्ये कामाला होते तिथे बसून मला कळायचं. गुडघे गेले, पाटी सुटली, तेव्हा ती ठेकेदारातर्फे आमच्याकडे अंगण धुवायला लागली. अॅसिडच्या शेडशेजारी लोखंडी घोडीवर एक लाल रीळ होतं, त्यावर रबरी पाइप गुंडाळलेला. त्याच पाण्यानं ती अंगण धुवायची, आणि कोणाच्या अंगावर अॅसिड उडालं तर धावायचं तेही त्याच पाण्याकडे. त्या बाजूला दुसरा नळ नव्हता.

एका सकाळी पाइप गुंडाळताना रिळाचं हँडल मोडलं. बिडाचं होतं, मानेतच तुटलं. मूठ वत्सलाबायच्या हातात राहिली, उरलेला तुकडा गंजून दांड्यावर घट्ट बसलेला. ती मूठ घेऊन स्टोअरच्या खिडकीशी गेली.

"हे अर्धंच आहे," कमलाकांत म्हणाला.

"आर्दा तितंच आडाकलाय, भाऊ."

"मग पूर्ण आण. अर्ध्यावर नवं मिळत नाही."

"पापलेटाचं डोकं दावलं तर पापलेट व्हता, येवडं तुला कलत नाय काय?"

त्यानं खिडकी लावून घेतली.

अडकलेला तुकडा काढायचा तर फिटर रामू हवा. रामूला सुपरवायझरची चिठ्ठी हवी. सुपरवायझर म्हणे, नवं हँडल आल्याशिवाय चिठ्ठी कसली देऊ? आणि नवं हँडल तर कमलाकांतकडे. बरं, ही तिघंही माणसं दुपारी एकाच टेबलावर जेवायची! एकमेकांच्या डब्यातली सुकटीची चटणी चाटूनपुसून खायची, पण हँडलाचा विषय एकाच्याही तोंडून निघायचा नाही.

वत्सलाबाय मग रिळाची कड धरून ते हातानं फिरवू लागली. पत्र्यानं तळहात चिरायचे, ती चिंध्या बांधायची. दुसऱ्या पाळीची माणसं कशाला हात कापून घेतील? त्यांनी पाइप अंगणातच टाकायला सुरुवात केली, आणि टेम्पो त्यावरून बिनदिक्कत जाऊ लागले. "ए भाय, पाइप के उपर से कायको जाता हाय?" ती ओरडायची. ड्रायव्हर हसायचे. "कोनाचा तरी जीव जाईल," हे तिनं सुपरवायझरला माझ्यासमोर सांगितलं होतं. त्यानं मान हलवली आणि पानाची पिंक टाकली.

देवू डोंगराकडच्या पाड्यावरचा, भातकापणी आटपली की कामाला यायचा. एका दुपारी कॅन हलवताना बूच सुटलं आणि अॅसिड त्याच्या पावलावर सांडलं. पायात साधी रबरी चप्पल. वत्सलाबायनं कॉक उघडला, पाइपाचं तोंड धरलं, पाणी नुसतं ठिबकलं. माल भरायला उभ्या टेम्पोचं मागचं चाक पाइपावर होतं. तिनं पाइप फेकला, कॅन्टीनमधलं पिण्याच्या पाण्याचं पिंप ओढत आणलं, आम्ही तांब्या-बादल्या घेऊन धावलो. पाय राहिला, पण घोट्याखालची कातडी सोलून निघाली. देवूचं ते ओरडणं मी विसरलेली नाही.

आणि मॅनेजरसाहेबांनी येऊन पहिला प्रश्न काय विचारावा? "पाइप जमिनीवर कोणी टाकला?" सुपरवायझरनं वत्सलाबायकडे बोट दाखवलं. लाज नावाची गोष्ट बाजारात विकत मिळत नाही, नाहीतर मीच त्याला आणून दिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबायनं रामूला रिळापुढे उभं केलं. "खोल हे."

"चिठ्ठी?"

"काल देवूचा पाय बगितला ना? तीच चिट्टी."

रामूनं मुकाट्यानं बोल्ट खोलले. आम्ही दोघींनी ते अख्खं रीळ पाइपासकट गडगडत नेलं आणि स्टोअरच्या दारात आडवं लावलं. "घे, पूरा आनलाय. आता बोल!"

कॅन हलवणारे सगळे भिंतीशी बसले. पाणी नाही तर अॅसिडला हात नाही, म्हणाले. काम थांबल्यावर मात्र साहेब धावत आले. कमलाकांतनं फळीवरून नवं हँडल काढलं. तसलीच आणखी कितीतरी तिथे तेलकट कागदात गुंडाळून पडली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. रामूनं जुना तुकडा ठोकून काढला, नवं हँडल चढवून बोल्ट आवळला. रीळ परत घोडीवर बसलं.

साहेबांनी हँडल स्वतः फिरवून बघितलं. "पाच मिनिटांचं तर काम. एवढा तमाशा कशाला?"

इतका वेळ गावभर ऐकू जाईल असं ओरडणारी वत्सलाबाय एकदम हळू बोलली.

"पाच मिंटाचाच व्हता ना, सायब? मंग देवूचा पाय भाजंस्तोवर का थांबलात?"

साहेब केबिनमध्ये निघून गेले. वत्सलाबायनं नवं हँडल धरलं आणि पाइप गुंडाळायला घेतला.