अडतिसावा आकडा

आमच्या घराण्यात चार पिढ्यांत पाठांतराची एकच चूक झाली आणि ती मी केली.

हे मी अभिमानाने सांगत नाहीये. (थोडं सांगतेय.) काशीत रामघाटावरच्या आमच्या घरी नाना, म्हणजे माझे वडील, विद्यार्थ्यांना वेद शिकवायचे. नाना घनपाठी होते. घनपाठ म्हणजे प्रत्येक शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून, शेजारच्या शब्दाला जोडून आणि सोडवून इतक्या वेळा म्हणायचा, की एखाद्या मात्रेने पळून जायचं ठरवलं तरी तिला वाट सापडू नये. आमच्याकडे माणसाची किंमत एकाच गोष्टीवर ठरायची : पोथी न बघता म्हणता येतं का? पोथीत बघून म्हणणाऱ्यालाही चहा मिळायचा, पण तो जिना उतरून गेल्यावर त्याच्याविषयी हळू आवाजात बोललं जायचं.

मला मात्र नानांनी कधी संथा दिली नाही. संथा म्हणजे समोरासमोर बसून गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्याने दोनदा. मुलींना ती द्यायची नाही असा नियम होता आणि नाना नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. मी स्वयंपाकघरात आईशेजारी तांदूळ निवडत बसायची आणि भिंतीपलीकडचं सगळं मला आपोआप पाठ व्हायचं. एकदा बाहेर एक विद्यार्थी अडला, तर मी आतूनच पुढचा शब्द सांगून टाकला. नाना रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं आणि नानांचा आवाज मात्र रोजच्यापेक्षा जरा चढा लागायचा. या दोन गोष्टींचा मेळ घालत मी मोठी झाले. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासमोर पाटावर बसायचं होतं.

ते काही जमेना, म्हणून मी कॉम्प्युटर शिकले. (यातला तर्क मला विचारू नका.)

शिकून झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. त्यांनी परीक्षा म्हणून काम पाठवलं : सी भाषेत हॅश फंक्शन लिहा, तयार काहीही वापरू नका, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत ई-मेलने पाठवा. जमलं तर मुलाखत, नाही तर जय गंगे.

हॅश म्हणजे काय ते मी नानांना जेवताना समजावलं. वाटेल तेवढा मजकूर आत घाला, बाहेर ठरावीक लांबीचा एक ठसा येतो. त्याच मजकुराचा कायम तोच ठसा. पण आत एक अनुस्वार जरी हलला तरी सगळा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. नानांचा घास हातातच राहिला.

"एका अनुस्वाराने?"

"हो."

"मग बरं आहे तुझं यंत्र," नाना म्हणाले. "आमच्या पोरांपेक्षा बरं."

सी भाषाही त्यांना आवडली. ती आयतं काही देत नाही, एकेक अंक स्वतः उचलायचा, सरकवायचा, फिरवायचा, आणि चुकलात तर ती अवाक्षर न बोलता चुकीचं उत्तर हातावर ठेवते, हे ऐकून ते म्हणाले की त्यांचे गुरुजी अगदी असेच होते.

या कामात चौसष्ट ठरलेले आकडे लागतात. प्रत्येक आकडा आठ खुणांचा. त्यात शून्य ते नऊ अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं मिसळलेली. एका ओळीत आठ, अशा आठ ओळी. मी चौकातल्या जनरेटरवाल्या सायबर कॅफेतून त्यांचा छापील कागद आणला. कुठलाही शहाणा माणूस हा कागद शेजारी ठेवून आकडे टाइप करेल. मी ते पाठ केले! एक तर घरी सकाळी सहा ते नऊ एवढीच बत्ती, म्हणजे वीज, असायची आणि माझा कॉम्प्युटरही तेवढाच वेळ चालायचा, तेव्हा बाकी दिवसभर करणार काय? आणि दुसरं, खरं कारण म्हणजे भिंतीपलीकडे नाना होते. मला त्यांना ऐकवायचं होतं.

तीन दिवस मी अंगणात फेऱ्या मारत घोकलं. "चार-दोन-आठ-ए, दोन-एफ-नऊ-आठ..." तिसऱ्या दिवशी कागद स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याखाली सारला आणि सगळे आकडे डोळे मिटून टाइप केले. पुढचा प्रोग्रामही लिहून झाला. कंपनीने कळवलं होतं की ए-बी-सी ही तीन अक्षरं आत घातली तर ठसा "बी-ए-सात-आठ" असा सुरू व्हायला हवा. माझा ठसा भलतंच काहीतरी म्हणत होता.

मी सगळ्यांवर संशय घेतला. आकडे फिरवायची दिशा तपासली. मोठा भाग आधी की छोटा, ते तपासलं. मजकुरामागे जी शून्यं भरायची तीही पुन्हा मोजली. संशय घेतला नाही तो फक्त पाठांतरावर. आमच्या घरात तसा संशय घ्यायची पद्धतच नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी डोकं धरून बसले होते, तर गच्चीवरून ओळखीचा सूर आला. नाना धोतर वाळत घालता घालता म्हणत होते, "चार-दोन-आठ-ए..." तेही वेदातले उदात्त-अनुदात्त स्वर लावून! भिंतीपलीकडून ऐकून तीन दिवसांत त्यांना चौसष्टच्या चौसष्ट पाठ झाले होते. मी जागची हलले नाही. इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडे मी असायची आणि पलीकडे ते. ऐकणारी बाजू या खेपेला बदलली होती.

पण गच्चीवरचं शेजारच्या चौबेजींनीही ऐकलं. त्यांनी कठड्यावरून विचारलं, "पंडितजी, ई कउन पाठ चलत हौ?" नाना कधी खोटं बोलत नसत. त्यांनी सांगितलं की पाठ आमचा नाही, बिटियाचा आहे, नोकरीसाठी चाललाय. झालं! चौबेजींच्या मुलाची बँकेची परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी ते फुलं आणि नारळ घेऊन माझ्यापुढे हजर. मी सांगून पाहिलं की हा मंत्र नाही, हे गणित आहे. त्यावर ते म्हणाले की बँकेच्या पेपरातही गणितच असतं. शेवटी नानांनीच पहिल्या दोन ओळी म्हणून मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि बाकीचं बिटियाला विचारा म्हणाले.

शनिवार उजाडला. नऊला बत्ती गेली, बारा वाजेपर्यंत मी कागदावर ताळा करत बसले, तरी चूक सापडेना. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात नानांनी हाक मारली. बाहेरच्या खोलीत त्यांनी समोरासमोर दोन पाट मांडले होते.

"बस, वसू," ते म्हणाले. "पाठ तपासू."

मी बसले. पाट गार होता, एवढं आठवतं. मी एक ओळ म्हणायची, त्यांनी तीच ओळ म्हणायची. मग त्यांनी मधूनच सुरू करून पाहिलं. मग शेवटाकडून उलटं. मग दोनदोन आकड्यांची जोडी लावून, घन म्हणतात तसं. माझं आणि त्यांचं एका खुणेचंही कुठे बिनसलं नाही. मी सहा वाजायचे आहेत हे विसरले, पुणं विसरले, नोकरी गेली गंगेत. हे संपू नये एवढंच मला वाटत होतं. संपलं तेव्हा नानांनी मांडीवर हात ठेवून निकाल दिला. "पाठ शुद्ध आहे. चूक यंत्राची."

घनपाठी माणसाने निकाल दिल्यावर पुढे काय उरतं? मी तडक सायबर कॅफेत गेले आणि कंपनीला इंग्रजीत खणखणीत पत्र लिहिलं : आपण कळवलेला नमुना-ठसा चुकीचा असावा असे दिसते, माझे चौसष्ट आकडे काशीतील एका घनपाठी विद्वानांनी दोन्ही बाजूंनी तपासले आहेत, तरी आपण आपला ठसा दुरुस्त करून घ्यावा. पत्र धाडलं. पुरावा म्हणून माझ्या प्रोग्रामची एक छापील प्रतही काढली आणि ताठ मानेने घरी आले.

आई चहा गाळत होती. तिने विचारलं की मुळातला कागद बघितलास का? मी म्हटलं, "आई, पाठ आहे मला."

"तुम्हा सगळ्यांना सगळं पाठच असतं," आई म्हणाली. तिने डब्याखालचा कागद ओढला. त्यावर हळदीचा गोल उमटला होता. माझी प्रत त्याच्या शेजारी जमिनीवर पसरून ती उकिडवी बसली. त्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण आठ बाय आठ म्हणजे तिच्या हिशेबी ठिपक्यांची रांगोळी होती, आणि रांगोळीतला चुकलेला ठिपका आईला उभ्या-उभ्याही दिसायचा. चहा निवायच्या आत तिचं बोट थांबलं.

"पाचवी ओळ, सहावा ठिपका. इथे सहा आहे, तुझ्यात हे वाकडं काहीतरी आहे." आणि कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून तिने ते माझ्या प्रतीवर त्या जागी टेकवलं.

अडतिसावा आकडा. तो "सात-सहा-सहा" असा सुरू होतो. चोविसावा सुरू होतो "सात-सहा-एफ" असा. सारख्या सुरुवातीच्या दोन जागा आल्या की जीभ एकीच्या दारातून शिरते आणि दुसरीच्या घरात निघते. हा धोका नाना प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायचे. (मी तो स्वयंपाकघरातून कितीदा ऐकला होता!) मी अडतिसाव्यातही एफ घोकला. नानांनी तो माझ्याकडून घेतला. मग मी त्यांचा पाठ माझ्याशी ताडला, त्यांनी माझा त्यांच्याशी ताडला, आणि माझ्या चुकीची एक मात्राही इकडची तिकडे झाली नव्हती.

साडेपाच वाजले होते. फ्लॉपी घेऊन मी गल्ल्यांतून धावले. वाटेत एक सांड आडवा बसला होता, त्याला माझ्या नोकरीचं काही देणंघेणं नव्हतं. कॅफेत एफचा सहा केला. "बी-ए-सात-आठ." सहाला दहा मिनिटं असताना प्रोग्राम गेला आणि त्याच्या मागोमाग एक दीनवाणं पत्र, की आधीचं पत्र मिळालंच नाही असं समजावं. त्यांनी तसं समजलं नाही. पुण्यात मुलाखतीला गेले, तर पहिला प्रश्न प्रोग्रामवर नव्हताच. घनपाठी विद्वान कसे आहेत, असा होता. नोकरी मिळाली. चौबेजींचा मुलगाही पास झाला. त्याला पहिल्या दोनच ओळी मिळाल्या होत्या आणि त्या बिनचूक होत्या.

पण त्या शनिवारी घरी आल्या आल्या मी आधी नानांकडे गेले होते.

"नाना, अडतिसाव्यात एफ नाही. सहा आहे."

नानांनी डोळे मिटून ती जागा मनात म्हणून पाहिली. "तू एफ म्हणालीस."

"मी चुकले."

"असेल. यंत्रात सहा घाल. मी एफच म्हणणार."

"पण ते चूक आहे, नाना!"

"गुरूकडून आली तशी संथा ठेवायची," नाना म्हणाले. "शिष्याने ती सुधारायची नसते."

ताक वाढ म्हणावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं आणि ते संध्येला उठले. मी स्वयंपाकघरात गेले. तांदूळ निवडून ठेवलेले होते, ते मी पुन्हा निवडले.

पुण्याला गेल्यावर दर रविवारी फोन व्हायचा. तब्येत, पाऊस, गंगेचं पाणी कितव्या पायरीला लागलंय, एवढं झालं की नाना म्हणायचे, "ऐक, विसरलो नाही ना बघ." आणि चौसष्ट आकडे म्हणून दाखवायचे. अडतिसावा आला की जरा सावकाश, ठणठणीत एफ. मी तिकडून "बरोबर" म्हणायची. ऑफिसात दिवसभर मी लोकांच्या चुका पकडायची आणि रविवारी या एका चुकीला बरोबर म्हणायची. कधी कामाच्या गडबडीत मी म्हणायची की नाना, आज राहू दे. असे किती रविवार मी घालवले ते आता मोजवत नाही.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा आईला भेटायला आले तेव्हा सकाळी घाटाच्या पायरीवर बसले. समोर रामनगरकडे जाणाऱ्या नावा होत्या. म्हटलं, आज आपण म्हणून दाखवू. ती संथा जिवंत ठेवणारी आता मी एकटीच आहे. पहिली ओळ म्हटली, चोविसावा नीट गेला, आवाजही लागला. अडतिसाव्याला आले आणि तोंडातून आलं, "सात-सहा-सहा." पुन्हा म्हटलं, पुन्हा सहा. वीस वर्षं बरोबर आकडे वापरून वापरून माझी जीभ कायमची सुधारली होती. नानांचा एफ काही केल्या येईना.

शेवटी पर्समधून माझ्या प्रोग्रामची घडी पडलेली ती जुनी प्रत काढली, पाचव्या ओळीतल्या कुंकवाच्या डागावर बोट ठेवलं आणि म्हटलं. चार पिढ्यांतली एकुलती एक चूक, आणि तीसुद्धा मला आता पोथीत बघून म्हणावी लागते!