बाबांची कानस

डिझेलने माखलेल्या फडक्याचा वास आला की मला ती संध्याकाळ आठवते. सोमवारपासून घरबसल्या व्हिडिओ एडिटिंगचं काम सुरू होणार होतं, म्हणून एकेक भाग निवडून आणून मी कॉम्प्युटर जोडत होते, आणि प्रोसेसर काही मदरबोर्डवर बसेना. तो जुन्या पिढीचा, बोर्ड नव्या पिढीचा. खोकी फोडलेली, त्यामुळे दुकानदार परत घेईना. साठवलेले पैसे संपलेले. अंगणातल्या वाळत्या जवळ्याचा वास घरभर, आणि मी फरशीवर सुन्न बसलेली. तेवढ्यात बाबा बंदरावरून आले. ट्रकचं इंजिन कानशीनं घासून होडीत बसवणारा माणूस! "बसवला की बसतो," म्हणत त्यांनी कानस काढली. अशानं तो मोडेल हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी प्रोसेसर त्यांच्या हातावर ठेवला. फडक्याला बोटं पुसून त्यांनी तो दिव्याखाली धरला, केसासारख्या बारीक पिना कितीतरी वेळ पाहिल्या, आणि अलगद माझ्या ओंजळीत परत ठेवला. "न्हाय पोरी, ह्यो त्याचा न्हाय." तोवर आवरलेलं रडू तेव्हा फुटलं. कुठल्याही यंत्रापुढे त्यांनी कानस खाली ठेवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आजतागायत पुन्हा पाहिलेली नाही.