उतारावर लावायची गाडी

माझी गाडी सपाट जागेवर बंद करायची नसते. थंड असली तर किल्ली फिरवताच उठते, पण एकदा तापली की स्टार्टर दोनदा कण्हतो आणि गप्प बसतो. मग ती उतारावरून सोडायची, नाहीतर माणसं गोळा करून ढकलायची. त्यामुळे कोल्हापुरातले सगळे उतार मला पाठ झाले आहेत. कुणाच्या घरी बोलावणं आलं तर मी आधी विचारते, घरापुढं रस्ता कसा आहे.

तशी ती अलीकडं सगळीकडं दिसणारीच छोटी गाडी आहे, मागचं दार वर उघडणारी. पण माझ्या आधी ती एका ऊस बागायतदाराच्या मुलाकडं होती आणि त्याला शर्यतीचा नाद होता. त्यानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडून तिच्या इंजिनचं हेड घासून घेतलं, मोठा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर बदलला. गाडी अशी पळायला लागली की रस्त्याकडेचे मैलाचे दोन दगड उडाले, तिसरा उडाल्यावर त्याच्या वडिलांनी ती विकायला काढली. मी घेतली तेव्हा पुढचा बंपर तिरका होता आणि आत अत्तर आणि सिगारेटचा मिळून वास येत होता.

गाडी दारात आली त्या दिवशी लोकांना दोन गोष्टींचं आश्चर्य वाटलं. एक म्हणजे ती बाईनं घेतली. हे सगळ्यांनी तोंडावर बोलून दाखवलं. दुसरं म्हणजे ती आमच्या घरात आली. हे कुणीच बोललं नाही, पण "कुणाची हो गाडी?" असं विचारून, "माझी" असं उत्तर मिळाल्यावरही लोक माझ्या खांद्यावरून मागं बघत, खरा मालक येतोय का म्हणून. त्या नजरेसाठी तरी गाडी चकचकीत ठेवायची, असं मी तेव्हाच ठरवलं.

आमचं घर पत्रकांचं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, शाहूपुरीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर लग्नपत्रिका आणि जाहिराती जुळवायचे, संध्याकाळी मालकाच्या परवानगीनं चळवळीची पत्रकं. धर्मांतर माझ्या जन्माआधीचं. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, छपाईच्या खिळ्यांवर शिकले, तीही उलटी. आमच्याकडं काही हवं असेल तर ते लेखी मागायची पद्धत होती. म्हणून गाडी घ्यायचं ठरल्यावर मी एक पानभर मजकूर लिहून आप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. आमच्या माणसांनी वेगानं का जाऊ नये, असा त्याचा सूर होता. आप्पांनी जेवण झाल्यावर चष्मा लावून तो वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि म्हणाले, "घे की. पण मी बसणार न्हाय."

हे मला अपेक्षित होतं. आप्पा कुणाच्याच मोटारीत बसत नसत. सायकल, नाहीतर एस.टी. लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा ते एस.टी.नं मागून यायचे.

कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी कॉलेजात गेल्यावर. त्यांचं गाव पेठ वडगावच्या अलीकडं. तिथल्या इनामदाराची मोटार दर पावसाळ्यात ओढ्यात रुतायची आणि ढकलायला आमच्या वस्तीतली पोरं बोलावली जायची. मागून ढकलायला हरकत नसायची. दाराला हात लावायचा नाही. एकदा मोटार निघाली तेव्हा आप्पा आनंदाच्या भरात धावत गेले आणि बाजूच्या पायरीवर चढले. आतून छत्रीचं टोक आलं. खाली उतरवून त्यांच्याच सदऱ्यानं ती पायरी पुसून घेतली.

"तवापासनं एक ठरवलं," ते म्हणाले होते. "जिथं तिकीट मिळतंय तिथंच बसायचं. तिकीट काढलं की कुणाचा बाप उठवत न्हाय."

मी वाद घातला होता. ती इनामदाराची, ही माझी. आप्पा म्हणाले, "तुझी हाय की. माझी कुठं हाय?"  त्यावर उत्तर आईनं दिलं. ती गाडीत पहिल्या दिवशीच बसली होती आणि शाहूपुरीत बहिणीच्या दारात दोनदा हॉर्न वाजवायला लावून मगच उतरली होती. ती म्हणाली, "बसू दे त्यांना एस.टी.त. मला पुढची सीट मोकळी."

पण मला आप्पांना त्या सीटवर बसवायचं होतं. ज्या मजकुरावर त्यांनी स्वल्पविराम घातले तो मी त्यांच्यासाठीच लिहिला होता, हे मी कधी बोलले नाही.

गाडी राखणं हे मी मिस्त्रीकडून शिकले. ज्यानं तिचं हेड घासलं होतं तोच मिस्त्री. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, ही गाडी न्हाय. खोंड हाय. येसण घट धरा."

"आणि तापल्यावर चालू का होत नाही?"

"हेड घासल्यावर दाब वाढतोय. तापलं की स्टार्टरला फिरवायला जड जातंय. उतार बघून लावायची, बास."

"पूर्वीसारखं करता येणार नाही का?"

"येतंय की. मग तुमाला ती आवडणार न्हाय." त्यानं मला एक फेरी मारून आणायला लावलं. मी परत आले तेव्हा माझं तोंड बघूनच तो हसला. पुन्हा मी तो प्रश्न काढला नाही.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. ऑईल बदलायला, प्लग साफ करायला, कशालाही गाडी नेली की परत येताना पुढं लिंबू-मिरची बांधलेली असायची. मी तिथंच सोडून त्याच्या हातात द्यायचे.

"माझ्या कामाला नजर लागतीया, ताई. तुमच्या न्हाय."

"मग तुमच्या दुकानाला बांधा."

"बांधलंय की. ही जादाची."

एकदा मी त्याला अंधश्रद्धेवरचं आमचं पत्रक दिलं. त्यानं ते नीट वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि पुढच्या वेळी लिंबू-मिरची बंपरच्या आतल्या बाजूला बांधली. रविवारी धुताना ती माझ्या हाताला लागली. मी तिथं वाकून बसले आणि एकटीच हसत राहिले.

रविवार धुण्याचा. आमच्या घरापुढं चांगला उतार आहे, त्यामुळे गाडी दारातच. आधी नुसतं पाणी मारून धूळ उतरवायची, नाहीतर फडक्याखाली खडे येऊन रंगावर ओरखडे पडतात. मग साबणाचं पाणी, वरून खाली. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं हलकेच. चाकांच्या कडांना दात घासायचा जुना ब्रश. आतल्या अत्तराचा वास घालवायला मला महिने लागले. सीटचं कापड साबणाच्या फेसानं घासून, चारी दारं आणि मागचं दार उघडं टाकून उन्हात वाळवायची, तेव्हा ती पंख पसरून बसलेल्या कोंबडीसारखी दिसायची. शेवटी मेणाचं पॉलिश. त्यासाठी छापखान्यातल्या मऊ चिंध्या आप्पाच आणून द्यायचे.

काचा मात्र पत्रकांनी. छापील कागदानं काच जशी निघते तशी कापडानं निघत नाही. लोक वर्तमानपत्र वापरतात, आमच्याकडं माळ्यावर छपाई बिघडलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. आप्पांना आधी ते आवडलं नाही.

"त्यावर मागण्या हायत," ते म्हणाले.

"निम्म्या मान्य झाल्यात."

"मग त्या निम्म्या वापर."

त्यानंतर ते स्वतः गठ्ठे सोडून मला पत्रकं निवडून द्यायला लागले. मान्य झालेल्या मागण्यांची पत्रकं काचेला, राहिलेल्यांची परत माळ्यावर. मी पुसत असायचे आणि ते दाराच्या पायरीवर बसून बघायचे. आयुष्यभर प्रुफं तपासलेली नजर. "डाव्या काचंचा वरचा कोपरा राहिला." "मागच्या चाकाच्या वर कायतरी हाय, बघ." पायरीवरून बरोबर दिसायचं त्यांना. पण ते पायरी उतरून गाडीपर्यंत कधी आले नाहीत.

मी पेठ वडगावच्या कॉलेजात शिकवते. आणि आप्पा निवृत्त झाल्यावर बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायला तिकडंच जायचे. म्हणजे एकाच घरातून, एकाच गावाला, एकाच सकाळी आम्ही दोघं निघायचो. ते खांद्याला पिशवी लावून स्टँडवर, मी गाडीत. वाटेत कधीतरी माझी गाडी त्यांच्या एस.टी.ला गाठायची. ते खिडकीशी बसलेले असायचे. मी हॉर्न वाजवायचे. ते समोर बघत ताठ बसून राहायचे, जणू त्या रस्त्यावर दुसरं वाहनच नाही.

त्या दिवशी मी दुपारी परतत होते. आप्पा त्यांच्या गावच्या वस्तीजवळच्या फाट्यावर उभे होते. हा त्यांचाच थांबा. पूर्वी एस.टी. तिथं थांबत नसे, वस्तीतल्या माणसांना वरच्या चावडीपर्यंत चालत जावं लागे. आप्पांनी पत्रक काढलं, माणसं रस्त्यावर बसली, आणि थांबा मिळाला. ते पत्रक मी कधीच काचेला वापरलं नाही, मान्य झालेलं असूनही.

उसाला सोडलेलं पाटाचं पाणी फुटून रस्त्याकडेला चिखल झाला होता आणि आप्पा त्यातच उभे होते. एक एस.टी. आलीच नव्हती, असं समोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं. मी काच खाली केली.

"चला, आप्पा."

"येईल आता."

"किती वेळ झाला?"

"येईल म्हटलं न्हवं?"

आणि इथं मी ती चूक केली जी आमच्या घरातलंच माणूस करेल. नीट वाद घालता यावा म्हणून मी इंजिन बंद केलं.

मी खाली उतरले. म्हणाले, तत्त्व माणसासाठी असतं. त्यांनी विचारलं, कुठल्या माणसासाठी. मी म्हणाले, गुडघे दुखणाऱ्या. ते म्हणाले, गुडघ्याचा आणि तत्त्वाचा संबंध न्हाय. टपरीवाला आणि त्याच्याकडची दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. शेवटी मी रागानं येऊन बसले आणि किल्ली फिरवली. स्टार्टर दोनदा कण्हला.

रस्ता दोन्हीकडं पोळपाटासारखा सपाट.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

मला सांगावंसंच वाटेना. या रस्त्यावर, या वस्तीसमोर, मी त्यांना गाडी ढकलायला लावणार नव्हते. मी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा. टपरीवरची दोघं उठून आली. "ताई, धक्का द्याचा काय?"

आप्पांनी पिशवी टपरीच्या बाकावर ठेवली. "तुमी ऱ्हावा," ते त्या दोघांना म्हणाले. "ही मी ढकलतो."

"आप्पा, नको. ते देतील ना."

"दुसऱ्या गिअरात टाक."

"तुम्हाला काय माहीत दुसरा गिअर?"

"पायरीवर बसून नुसत्या काचा बघत हुतो काय?"

मी दुसरा गिअर टाकला, क्लच दाबला. आरशात आप्पांचा सदरा दिसत होता आणि मागच्या दाराच्या काचेवर पसरलेले दोन पंजे. तेवढ्यात त्यांच्याही मागून एस.टी. आली आणि थांबली. कंडक्टर दारातून वाकला. तो त्यांच्या ओळखीचा, पत्रकं वाटतात म्हणून आप्पांना मास्तर म्हणायचा.

"मास्तर, या की. बसा. ढकलतील ती पोरं."

आप्पांनी हात काढले नाहीत. ढकलतच त्यांनी मान वळवली. "तू जा पुढं. आमची गाडी हाय."

मी ऐकलं. मग क्लच सोडला कधी मला कळलं नाही. गाडीनं एक गचका खाल्ला आणि इंजिन गरजलं. या वेळी मी ते बंद करणं शक्यच नव्हतं. पाय अॅक्सिलरेटरवर ठेवून बसून राहिले. एस.टी. घंटी देऊन बाजूनं निघून गेली. आप्पा बाकावरची पिशवी घेऊन पुढच्या दाराशी आले. हँडलला हात लावला. उघडलं. आणि आत न बसता खाली स्वतःच्या पायांकडं बघत राहिले. घोट्यापर्यंत चिखल होता. आतला गालिचा मी कालच झाडून काढला होता, सीट पांढऱ्या फेसानं धुतलेली. त्यांनी पिशवीतून उपरणं काढलं आणि पाय पुसायला वाकले.

"राहू द्या," मी म्हणाले.

"सगळं भरंल की."

"भरू द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उपरणं परत पिशवीत टाकलं, एक चिखलाचा पाय आत ठेवला, मग दुसरा, आणि बसले. दार एकदा नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा उघडून जोरात ओढलं.

 मी सावकाश चालवत होते, खड्डे चुकवत. आप्पांनी समोरच्या काचेकडं निरखून बघितलं, खालच्या कोपऱ्यात बोट लावलं. तिथं धूळ राहिली होती.  मग दूरवर एस.टी.ची पाठ दिसली.

"ती लई पुढं गेली की," आप्पा म्हणाले.

"जाऊ दे."

"हिचं हेड घासलंय म्हणतीस न्हवं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते समोर बघत होते. मी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला, आणि बागायतदाराच्या मुलानं ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता तो आवाज आला. आप्पांचा हात पटकन पिशवीवर गेला, पत्रकं उडू नयेत म्हणून. एस.टी. जवळ आली, बाजूला आली. खिडकीतून कंडक्टर वाकून बघत होता, हात हलवत होता. मी हॉर्न वाजवला.

आप्पा समोर बघत ताठ बसून राहिले, जणू त्या रस्त्यावर दुसरं वाहनच नाही.